चुकलेल्यांचा अर्धा तास

चष्मेवाल्याचा फायदा कोणालाही दिसण्यासारखा होता. इंग्रजीची परीक्षा पास झाला, की परदेशातल्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात भिंगं घासायची नोकरी, राहायला खोली, आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ताईची सुटका. त्याची ताई तिकडे एका वृद्धाश्रमाच्या धुलाईघरात चादरी धूत होती. आई गेल्यापासून तिनेच याला वाढवलेलं. तो तिकडे पोचला की तिने धुलाईघर सोडायचं, असं बहीणभावाचं ठरलं होतं.

बाईंचा फायदा त्या मानाने फुटकळ. संध्याकाळच्या वर्गात एक विद्यार्थी वाढणार, बस्स. पण ज्याला फारसं मिळणार नसतं, तोच माणूस बेसावध खेळतो.

सुरुवात झाली ती बाई स्वतःच्याच चष्म्यावर बसल्या तेव्हा.

बाई तिशीच्या. मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवायच्या. काडी मोडलेल्या चष्म्याला चिकटपट्टी लावून त्या कोपऱ्यावरच्या दुकानात शिरल्या. बाहेर बारीक भुरभुर होती, काचांवर थेंब होते, त्यामुळे काउंटरमागचा माणूस त्यांना आधी नुसता एक उंच, धूसर पट्टा दिसला. त्या पट्ट्याने चष्मा दोन बोटांत धरून उजेडात फिरवला.

"याच्याशी मारामारी कोणी केली?"

"मी बसले त्याच्यावर."

"मुद्दाम?"

"मारामारीचं तर तुम्हीच बाहेर लिहिलंय," बाई म्हणाल्या. "बोर्डावर 'फिटिंग'मध्ये एकच टी आहे. तसं वाचलं तर 'फायटिंग' होतं."

तो खरोखरच बाहेर जाऊन, पावसात उभा राहून बोर्ड वाचून आला. केसांवरचं पाणी झटकत म्हणाला, "तरीच! इतकी वर्षं माणसं भांडायला येत होती, आणि मी त्यांना चष्मे देत बसलो. पण मला सांगा, एका टीने काय घोडं मारलंय?"

शिकवणाऱ्या माणसाला असा प्रश्न विचारू नये. तो मग थांबत नाही. बाईंनी काउंटरवर पडलेली भिंगं पुढे ओढली. "हा 'फिट'मधला आय. छोटा स्वर, जीव बेताचा. मागून हे 'इंग' येतं, ते दांडगं. मधे एकच व्यंजन असेल तर 'इंग' कुंपणावरून हात घालून याचा आवाज बदलून टाकतं. मधे दोघं उभे केले," त्यांनी दोन भिंगं शेजारी शेजारी ठेवली, "की याला कोणी हात लावत नाही."

"म्हणजे तो दुसरा टी बोलत काहीच नाही? नुसता उभा?"

"नुसता उभा."

"बिचारा," तो म्हणाला, आणि बाई हसल्या. हसताना त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, त्यामुळे तो किती टक लावून बघतोय हे त्यांना दिसलं नाही. पहिल्या दिवसाचा हा फायदा पूर्णपणे त्याच्या खात्यात गेला.

मग त्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ती जड, रिकामी चौकट चढवली आणि एकेक भिंग सरकवायला लागला. बोटं कानाला लागत होती... गार होती.

"आता बरं, की मघाशी?"

"मघाशी."

"आता?"

"...आता."

"अक्षरांकडे बघा. माझ्याकडे नको."

"अक्षरं तुमच्या मागे आहेत."

"हो का," तो म्हणाला. पण बाजूला व्हायला त्याने जरा वेळच लावला.

चष्मा न्यायला बाई गेल्या तेव्हा बोर्डावर दुसरा टी आला होता. जागा नसल्यामुळे तो बिचारा पहिल्याला चिकटून, अंग चोरून उभा होता. आणि त्याच आठवड्यात चष्मेवाला वर्गात येऊन बसला.

वर्ग एका ड्रायक्लीनरच्या दुकानावर होता. खालून इस्त्रीची वाफ वर यायची, फरशी कोमट असायची, आणि खोलीला कायम ओल्या, स्वच्छ कापडाचा वास असायचा. पहिल्या दिवशी आत पाऊल टाकताच चष्मेवाला म्हणाला, "ताईच्या कपड्यांना असाच वास येतो." पुढे मात्र त्याला तो वास येईनासा झाला. नाकाला सवय होते. नाकाचाही दोष नाही म्हणा.

या वर्गाची एक रीत होती. शेवटी बाई शब्द सांगायच्या, मंडळी लिहायची, बाई तिथल्या तिथे तपासायच्या. ज्याचं सगळं बरोबर, त्याने घरी जायचं. जो चुकला, त्याने अर्धा तास थांबून चुकलेले शब्द फळ्यावर घोटायचे. त्याला सगळे 'चुकलेल्यांचा अर्धा तास' म्हणायचे. त्या अर्ध्या तासाच्या कायमच्या मानकरी म्हणजे केकवाल्या काकू. त्यांची बेकरी होती, आणि परदेशातली नातवंडं फोनवर इंग्रजीत हसतात ते कशाला, एवढं कळावं म्हणून त्या शिकत होत्या.

"बाई, माझं म्हणणं असं," काकू फळ्यापाशी हात कमरेवर ठेवून म्हणायच्या, "शंका आली की दोन घालावेत. कमी पडण्यापेक्षा उरलेलं बरं. मी अंड्यांचंही असंच करते."

"काकू, 'डायनिंग'मध्ये दोन एन घातलेत तर 'डिनिंग' होईल, जेवणाऐवजी कानठळ्या बसतील."

"आमच्या घरी जेवताना तसंच असतं."

चष्मेवाला सुरुवातीला खराखुरा चुकायचा. बाई त्याला समजवायच्या. नुसता छोटा स्वर बघून भागत नाही, शब्दाचा जोर कुठे पडतो तेही ऐकायचं. 'ओपन'चा जोर पहिल्यावर, म्हणून 'ओपनिंग'ला एकच एन. 'बिगिन'चा जोर शेवटावर, म्हणून 'बिगिनिंग'ला दोन.

"म्हणजे उघडायला बळ लागत नाही," तो खडू फिरवत म्हणायचा, "सुरुवात करायला लागतं."

"नियमात असं काही नाही."

"मी नियमाबद्दल कुठे बोलतोय?"

बाई फळा पुसायचं डस्टर शोधायला लागायच्या. ते त्यांच्या हातातच असायचं.

हळूहळू काकूसुद्धा सुधारल्या. एके दिवशी त्यांचं सगळं बरोबर आलं तेव्हा त्यांनी वर्गाला केक वाटला, दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि "चला, आम्ही पास झालेली माणसं निघतो," असं म्हणून गेल्या. अर्ध्या तासाला दोघंच उरले. आणि इथून पुढे चष्मेवाल्याची प्रगती खुंटली.

खुंटली म्हणजे कशी? वाक्यं उत्तम, वाचन उत्तम. व्यंजनं तेवढी चुकायची. 'स्टॉपिंग'ला एक पी, 'व्हिजिटिंग'ला दोन टी. 'रनिंग'ला एक एन, 'लिसनिंग'ला दोन. आता यात एक मेख होती. ज्याला येत नाही, त्याचंही अधूनमधून चुकून बरोबर येतं. काकूंचं यायचं. याचं कधीच यायचं नाही. न चुकता चुकायला नियम पक्का पाठ लागतो.

हे बाईंच्या लक्षात आलं नाही? आलं की. दुसऱ्याच आठवड्यात आलं. त्यांनी मान खाली घातली आणि लाल पेनाने गोल काढले, सावकाश, सुरेख. एवढे सुरेख गोल त्यांनी जन्मात कोणाच्या चुकीभोवती काढले नव्हते.

"पुन्हा थांबावं लागणार," त्या म्हणायच्या.

"काय करणार," तो म्हणायचा. "डोकंच मठ्ठ."

"परीक्षा जवळ आली."

"तिथे येईल हो बरोबर. तिथे थोडंच कोणी थांबवून घेणार आहे?"

दोघांनाही वाटायचं, यात कोणाचं काय जातंय? त्याला येतंय हे त्याला माहीत होतं. त्याला येतंय हे बाईंनाही माहीत होतं. फुकटातला माल होता, आणि दोघं वाटून घेत होते.

अर्धा तास संपला की तो त्यांना घरापर्यंत सोडायचा. घरी अप्पा असायचे, म्हणजे बाईंचे वडील. निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला होता. समोरचा चेहरा दिसायचा नाही, कडेकडेचं दिसायचं. चष्मेवाल्याने त्यांच्यासाठी जाड भिंगाचा वाचायचा चष्मा बनवला. अप्पा त्यातून वर्तमानपत्राचा एकेक शब्द वेचायचे, आणि कडेने या दोघांना बघायचे.

"तुझा विद्यार्थी विनातिकीट आहे," एकदा अप्पा मुलीला म्हणाले.

"म्हणजे काय अप्पा?"

"म्हणजे दाराशी आला की पावलं हळू होतात. जन्मभर हेच केलंय मी. चेहरा नाही बघावा लागत, चाल कळते." मग जरा थांबून म्हणाले, "तो चांगला आहे गं. पण त्याची गाडी दुसरीकडे जाते."

एकदा जिन्यात, पाऊस थांबायची वाट बघत उभे असताना तो म्हणाला होता, "तुम्हाला 'बाई'शिवाय दुसरं काही म्हणावंसं वाटलं... तर?"

"तर परीक्षा झाल्यावर म्हणा."

"नक्की?"

"आधी पास तर व्हा," त्या म्हणाल्या, आणि छत्री नसताना पावसात पहिली पायरी उतरल्या.

मधे एकदा ताईचा फोन आला होता, तो दुकानात सगळ्यांसमोर स्पीकरवर वाजला. ताईचा आवाज घाईचा, हसरा, मागे मशिनांची घरघर. "अरे ऐक, मी राजीनामा देऊन टाकला! तू येणार म्हटल्यावर कशाला थांबू? पाठीचं आता काही खरं नाही बाबा. तू ये, आणि माझी खुर्ची उन्हात टाकून दे, एवढंच."

"अगं ताई, निकाल तरी लागू दे!"

"तुझा निकाल मला माहितीये. पाढे मी घेतलेत तुझे."

बाई काउंटरपाशी उभ्या होत्या. त्या दिवशीच्या शब्दांत त्यांनी मुद्दाम एकही अवघड शब्द घातला नाही. तरी तो चुकला. तरी त्यांनी गोल काढला.

परीक्षेचा नियम असा होता, की ऐकून लिहायचा भाग वेगळा. त्यात नापास तो सगळ्यात नापास. चष्म्याच्या डबीवर चुकीचं लिहिलं, की चुकीच्या डोळ्यावर चुकीचं भिंग जातं, असं तिकडच्या लोकांचं म्हणणं. म्हणणं खोटं नव्हतं.

निकाल घेऊन तो वर्ग सुटल्यावर आला. कोणी नव्हतं. फळ्यावर त्या दिवशीचे शब्द तसेच होते. तो बाकावर बसला. खालून इस्त्रीचा फुस्स् फुस्स् आवाज येत होता.

"मला सगळं येत होतं," तो म्हणाला. "हाताला येत नव्हतं. ते शब्द सांगत गेले, भरभर... आणि हात तेच लिहीत गेला, जे रोज लिहीत होता. पेपर दिल्यावर माझ्या लक्षात आलं. तोवर त्यांनी गोळा केले होते."

बाईंनी लाल पेनाचं टोपण लावलं.

"बाई, मी मुद्दाम चुकायचो. इथे थांबता यावं म्हणून. तुमच्या—" त्याला पुढचा शब्द मिळेना. "तुम्हाला काय वाटलं असेल ते वाटो. मला ते सांगायचंच होतं. पास होऊन सांगायचं होतं."

"मला माहीत होतं."

त्याने वर पाहिलं. "कधीपासून?"

"जवळजवळ पहिल्यापासून."

"मग मला हटकलं का नाहीत?"

बाईंनी चष्मा काढला आणि पदराने पुसत राहिल्या. तो पुसण्याची काही गरज नव्हती. "कारण हटकलं असतं," त्या म्हणाल्या, "तर तुम्ही घरी गेला असता."

प्रेमाची कबुली म्हणतात ती हीच. दोघांनी एकाच बैठकीत दिली, चोख दिली, कोणी काही मागे ठेवलं नाही. एवढ्यावर गोष्ट संपवायला हरकत नव्हती. पण तेवढ्यात त्याचा फोन वाजला, आणि स्पीकरवर ताई होती. तिला निकाल त्याने सकाळीच कळवला होता.

"अरे, रडतोस कशाला? होतं असं! पेपर अवघड असणार. हे बघ, ती जागा त्यांनी दुसऱ्याला दिली, देऊ देत. पुढच्या वेळेला दुसरी कुठली मिळेल. मी धुलाईघरात जाऊन विचारलं, त्यांनी घेतलं मला परत. घडी घालायचं काम तेवढं गेलं, आता ओल्या चादरी उचलायला दिल्यात. ओल्या म्हणजे जरा जड असतात, बाकी काही नाही. मागे कोण आहे? कोणीतरी श्वास घेतंय. काय रे? बाई आहेत का तुझ्या? अय्या, खरं की काय!" आणि ती हसली. मनापासून हसली. हसता हसता मधेच 'आई गं' म्हणाली, बहुधा पाठीला हात लावून, आणि पुन्हा हसली.

फोन बंद झाला. खालून वाफेचा वास वर येत होता. इतक्या दिवसांनी त्याला तो आला.

दुसऱ्या दिवशीपासून बाईंनी वर्गाची रीत बदलली.

"चुकलात तर लगेच घरी जायचं," त्या त्याला म्हणाल्या.

"आणि बरोबर आलं तर?"

"तरी घरी."

काकूंनी तोंड उघडलं, आणि बाईंचा चेहरा बघून मिटलं. त्याचा हात वळवायला सगळा हिवाळा गेला. चुकीचं वळण पुसून बरोबर बसवणं म्हणजे उसवून पुन्हा शिवणं; नवं शिवण्याहून वेळ जास्त. तो लिहायचा, बाई शेजारच्या बाकावरून बघायच्या, शब्द चुकत असला की पेनने बाकावर एकदाच टक् करायच्या. बोलणं तेवढंच. आधीच्या सगळ्या गप्पांपेक्षा त्या टक्-मध्ये जास्त होतं, पण ते दोघांपैकी कोणी बोलून दाखवलं नाही.

तो पास झाला. हॉस्पिटल नाही, एका दुकानात काउंटरवरची नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दुपारी बाई दुकानात गेल्या. कपाटं रिकामी होती. तपासायची खुर्ची तेवढी होती, ती नवा मालक ठेवून घेणार होता.

"बसा," तो म्हणाला. "नंबर बघून देतो. पुन्हा कोण बघणार?"

तीच जड चौकट. तीच गार बोटं.

"चला माझ्याबरोबर," तो भिंग सरकवत म्हणाला, जणू भिंगालाच सांगत होता.

"अप्पांना आपल्या घरातल्या पायऱ्या पाठ आहेत. नळ, दार, कडी, सगळं हाताला पाठ आहे. इथे ते अर्धे डोळस आहेत. दुसऱ्या घरात नेलं तर पूर्ण आंधळे होतील."

"मग मी राहतो."

"आणि ओल्या चादरी?"

त्याने भिंग बदललं. बाईच पुढे म्हणाल्या, "रोज संध्याकाळी आपण दोघं चहा पिऊ, आणि मधे ताईची पाठ असेल. तुम्हालाही दिसेल, मलाही. तसलं घर नको मला."

"वाट बघाल?"

"ते विचारू नका. विचारलंत तर हो म्हणेन, आणि मग तुम्ही तिकडे नीट काम करणार नाही." त्या हसल्या. "तुमचा काही भरवसा नाही. माझ्यासाठी नापास होणारी माणसं तुम्ही."

बाहेर भुरभुर सुरू झाली होती. त्याने शेवटचं भिंग लावलं. या वेळी तो अक्षरांच्या आड उभा राहिला आणि हललाच नाही.

"आता बरं," त्याने विचारलं, "की मघाशी?"

सगळं लख्ख दिसत होतं. त्याच्या शर्टाचं सुटत आलेलं बटण, पापणीवरचं पाणी, मागे भिंतीवर एकेक अक्षर.

"मघाशी," बाई म्हणाल्या.

तो गेल्यानंतर काही महिन्यांनी एका संध्याकाळी, वर्ग सुरू व्हायच्या आधी, बाईंना फोन आला. आवाज घाईचा, हसरा. मागे मशिनांची घरघर मात्र नव्हती.

"बाई ना? मी ताई, तुमच्या चष्मेवाल्याची. आता घरीच असते हो. डॉक्टरांनी उभं राहायचं नाही म्हणून सांगितलंय, पट्टा लावून बसते. ओल्या चादरींनी शेवटी घात केला. पण उन्हात खुर्ची टाकून देतो रोज कामावर जाताना. तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही शिकवलंत म्हणून आला तो."

"असं नका म्हणू, ताई."

"नाही, म्हणणारच. फक्त एक विचारू? रागावू नका. एवढा हुशार मुलगा, पाढे कधी चुकला नाही. पहिल्या वेळेला नापास कसा झाला हो?"

वर्गात मंडळी येऊन बसत होती. काकू फळा पुसत होत्या.

"शिकवण्यात माझी चूक झाली," बाई म्हणाल्या.

"छे छे, असं कसं! तुमची कसली चूक? त्याचंच लक्ष नसेल. तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. थँक यू, बाई. खूप खूप थँक यू." आणि ती हसली. हसता हसता 'आई गं' म्हणाली.

आता हिशेब बघायचा तर सोपा आहे. काकूंना नातवंडांचं हसू कळायला लागलं. अप्पांना चष्मा मिळाला. चष्मेवाल्याला परदेश मिळाला, बाईंना एक हिवाळा आणि त्याआधीचे ते थोडे अर्धे तास. ते सगळं अर्धं अर्धं दोघांनी घेतलं. भरलं मात्र तिसरीने. तिने तो वर्ग कधी पाहिला नव्हता, त्या खोलीत एक मिनिटही ती चुकण्यासाठी थांबली नव्हती, आणि भरून झाल्यावर वर तिनेच फोन करून आभार मानले होते.

बाईंनी फोन खाली ठेवला, आणि शब्द सांगायला सुरुवात केली.